तीस पावलांवरची पाठ

आप्पांची पाठ मी जेवढी बघितली, तेवढा त्यांचा चेहरा बघितला नाही. मी झुडपं कापायचं मशीन चालवायचो आणि ते माझ्यापासून तीस पावलांवर, ऑइलच्या रिकाम्या डब्यावर, माझ्याकडे पाठ करून बसायचे. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात खाकी शर्ट, गळ्यात शाळेतल्या पीटीच्या सरांसारखी शिट्टी. आमचे मुकादम. कामावर नजर ठेवायला नेमलेला माणूस कामाकडे पाठ करून बसतो हे बघून रस्त्याने जाणारे हसायचे. ठेकेदार शेठ तर तोंडावर म्हणायचा, "आप्पा, तुम्ही मुकादम आहात का रुसलेले व्याही?"

आप्पा वळायचे नाहीत. "पाठले डोया नहीत," एवढंच म्हणायचे. पाठीला डोळे नाहीत, म्हणून पाठ पुढे करायची. उडून यायचं ते पाठीवर येऊ दे.

आज त्यांना डावा डोळा नाही. तो माझ्या एका शब्दामुळे गेला. शब्द अगदी लहान होता, "हो". हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. ती फोनवर रोज विचारते, जेवलास काय, आणि मी त्यालाही हो म्हणतो. त्या शब्दाची मला आता धास्ती वाटते.

मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. आमच्या सिंधुदुर्गात काजूच्या बागांमधून ग्रासकटर मारायचो. विजेच्या लाइनीखालचं रान साफ करणारी एक टोळी आमच्याकडे आली होती, तिच्याबरोबर निघालो तो जिल्हे फिरत फिरत सव्विसाव्या वर्षी नंदुरबारला पोचलो. इथे सोलरच्या प्लेटा बसवायला पडीक जमिनी मोकळ्या करायचं काम होतं. गाडीतून उतरलो तर उन्हात वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून वारा येत होता. डोळ्यांना धारा लागल्या. आप्पा समोरच उभे. म्हणाले, "काय रे भो, आतेपासूनच रडी ऱ्हायना?" मी म्हटलं, मिरची. ते म्हणाले, "हा, मिरचीच व्हयी." पण त्यांना कळलं असणार. घरापासून इतकं लांब मी कधी आलो नव्हतो.

मी कोकणी, असं सांगितलं की इथली माणसं विचारायची, नवापूरकडच्या कुठल्या पाड्यातला? इथे कोकणी म्हणजे त्यांचीच एक जमात. मी समुद्राकडचा म्हटल्यावर त्यांचा रस संपायचा. आप्पांनी मात्र मला कायमचं "कोकन्या" करून टाकलं.

ग्रासकटर खांद्याला पट्ट्याने अडकवतात. लांब दांडीच्या टोकाला पातं फिरतं, आणि मनगटाएवढ्या खोडाला दातेरी चकती लावतात. इथल्या पडीक जमिनींवर वेडी बाभूळ माजलेली असते, तिला चकतीच लागते. चकतीला जे कापता येतं ते खाली पडतं. जे कापता येत नाही ते उडतं. दगड, बाटलीची काच, गुराचं हाड, चपलेचा खिळा. मला जाळीचा मुखवटा, चष्मा, चामड्याच्या पायपट्ट्या होत्या. कापलेले काटे ओढून नेणाऱ्या माणसांना काहीच नव्हतं, म्हणून आप्पांचा नियम असा की इंजिन चालू असेतोवर त्यांच्या डब्याच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. काटे ओढणाऱ्यांत तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यातली रुमली होती. ती आप्पांपेक्षा कडक. एकदा शेठच डब्याच्या पुढे निघाला तर तिने त्याच्यासमोर विळा आडवा धरला.

"आप्पा, तीसच पावलं का? पन्नास का नाही?" मी एकदा विचारलं.

"पन्नासवरथून नुसता गोंगाट ऐकाई येस. तीसवर कोन काय बोली ऱ्हायना ते समजस."

आणि खरंच त्यांना समजायचं. आप्पा काम ऐकायचे. पात्याला दगड लागला, काच लागली, ओलं खोड लागलं, वाळकं लागलं, सगळं पाठमोरे ओळखायचे. वावगा आवाज आला की शिट्टी. शिट्टी वाजली की मी रेस सोडायची, पातं थांबेपर्यंत हलायचं नाही, मग आप्पा पाठमोरेच ओरडून सांगायचे काय आहे ते. एकदा ओरडले, "चप्पल!" मी वाकून बघितलं तर मातीत अर्धी गाडलेली बकलाची चप्पल. मला चेटूकच वाटलं. परीक्षा घ्यायची म्हणून एके दिवशी मी मुद्दाम नारळाची करवंटी पात्याखाली सरकवली. शिट्टी वाजली. "नारय शे! कोकनमाथून पार्सल उनं का? नाटक नको करू!" रुमली आणि बाकीची माणसं पोट धरून हसली.

आंघोळीला हातपंपावर शर्ट काढला की त्यांची पाठ दिसायची. बारीक पांढरे व्रण, कुठे टिकलीएवढे, कुठे गव्हाएवढे. बोटाने मागे चाचपून सांगायचे, "ही तळोदानी. ही धडगावनी. ही शहादानी, काच व्हती." रुमली बादली भरता भरता म्हणायची, "आप्पाच्या पाठीवर अख्खा जिल्हा छापलाय. आता फक्त आमचा घाट राहिला." आप्पा म्हणायचे, "घाट नको माय, तठे मोठला दगड शेतस." हसण्यावारी जायचं. पण मी रात्री डोळे मिटले की ते व्रण मोजायचो, आणि त्यांतले माझ्या मशीनचे किती ते आठवायचो. दोन होते. आप्पांनी त्या दोन व्रणांचं गाव कधी सांगितलं नाही.

आता त्यांचं सगळ्यात मोठं वेड. नवीन जमीन हातात आली की पहिला दिवस मशीन चालू करायचं नाही. आप्पा खिशात मशेरीची डबी घालून गावात जायचे, आणि शोधून शोधून म्हाताऱ्या बायकांकडे बसायचे. स्वतः मशेरी लावत नव्हते, डबी म्हाताऱ्यांसाठी. दुपार होईपर्यंत गप्पा. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, आणि मध्येच हळूच, त्या वावरात पूर्वी काय होतं गं माय?

शेठ चिडायचा. जमिनीचा उतारा आहे, मालक आहे, नकाशा आहे, म्हाताऱ्या कशाला?

आप्पांचं उत्तर ठरलेलं. "मानसे सांगतस वावर कोनं शे. तठे काय फेकेल शे, ते बायासलेच माहीत."

आणि ते खरं निघायचं. फुटलेली बरणी कुठे टाकली, मेलेलं ढोर कुठे ओढलं, लग्नात मांडवाचे खिळे कुठे सांडले, उकिरडा आधी कुठे होता आणि मग कुठे नेला, हे पुरुषांना कधीच सांगता यायचं नाही. म्हाताऱ्या डोळे मिटून सांगायच्या. आप्पा परत येऊन जमिनीवर चुन्याने गोल काढायचे. त्या गोलात मशीन नाही, विळा आणि कुऱ्हाड.

दुसरं वेड कागदी कपांचं. पिशवीत चहाच्या कागदी कपांची नवी चळत असायची, पण चहा प्यायचे स्टीलच्या पेल्यातून. मी एकदा एक कप काढला तर हातावर चापट बसली. "ते डोयासाठे शेतस." मग त्यांनी टोळीला बसवून दाखवलं. डोळ्यात काही घुसलं तर चोळायचं नाही, उपसायचं नाही, पाणी मारायचं नाही. कप उपडा ठेवायचा, दुसरा डोळाही झाकायचा म्हणजे बुबुळ हलत नाही, वरून रुमाल बांधायचा, आणि गाडीने दवाखाना. रुमलीने माझ्यावर सराव केला. मी कप लावून आंधळा बसलेला, आणि ती म्हणते, "आता कोकण दिसतंय का?"

एवढं शिकवून आप्पा स्वतः चष्मा लावत नव्हते. पाठीला चष्मा कशाला?

मला या माणसाने किती दिलं ते सांगायला हवं. आल्यावर पंधरा दिवसांत मला ताप भरला. खोलीवर कोणी नाही, भाषा धड कळत नाही. आप्पा तीन दिवस डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पातळ वरण घेऊन आले आणि मी खाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसले. समोर बसून बघितलं तर माणसाला खाववत नाही म्हणे. चौथ्या दिवशी म्हणाले, तू हाताने काम करतोस, आता कानाने शिक. आणि मग म्हाताऱ्यांकडे मला पाठवायला लागले. टोळीत असं दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी पाठवलं नव्हतं.

मला ते काम जमेना. पहिल्या म्हातारीने माझं बोलणं ऐकून सगळ्या आळीला बोलावलं. "आवं, याले बोलता दखा!" पोरं, सुना, शेजारी सगळे जमले आणि मी मध्ये डबी धरून उभा. दुसऱ्या वेळी निभावलं, पण घाम फुटला. पुढच्या म्हातारीचं नाव निघालं की मी चकती घासत बसायचो.

तिसऱ्या वेळी जमीन होती तळोद्याच्या रस्त्याला. लांबट पट्टा, बाभळीने गच्च. त्या सकाळी शेठचा मला सरळ फोन आला. अकरा वाजता साहेबांना जमीन दाखवायला घेऊन येतोय, निम्मा पट्टा मोकळा दिसला पाहिजे, आणि तुला जमत नसेल तर मशीनवर दुसरा माणूस बघतो. परत गेलो तर गावी काय सांगणार होतो? आप्पांना फोनचं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच आपला नियम वाकवला. अख्खा दिवस नको, म्हणाले, पण विचारल्याशिवाय इंजिनची दोरी ओढायची नाही. पट्ट्याच्या टोकाला एक झोपडी आहे, तिथे एकटी डोकरी राहते, तिला विचारून ये.

मी डबी घेऊन निघालो. झोपडी समोर दिसत होती, दारात म्हातारी बसलेली. वाटेत जमिनीचा मालक ट्रॅक्टर लावून उभा. तापीकाठचा मोठा शेतकरी, केळीच्या बागा असलेला.

"कथा चालना भो?"

मी म्हातारीकडे चाललोय असं सांगितलं.

तो हसला. "अरे, वावर मन्हं शे आनी तू तिले इचारी ऱ्हायना? तिले काय माहीत? एकदम साफ जमीन शे. दगडबी नई."

मी झोपडीकडे बघितलं. म्हातारी हात करत होती. मला मागची आळी आठवली, हसणारी तोंडं आठवली, शेठचा फोन आठवला. मालकापेक्षा जमीन कुणाला जास्त ठाऊक? मी ट्रॅक्टरपासून मागे फिरलो.

आप्पा डब्यावर बसलेलेच होते.

"इचारं का?"

"हो."

"डोकरीले?"

"हो."

"काय म्हने?"

"साफ आहे म्हणाली."

आप्पांनी मान थोडी तिरकी केली, आवाज ऐकताना करायचे तशी. मी मुखवट्याची पट्टी आवळत राहिलो. मग त्यांनी हात वर केला. सुरू कर.

तासभर काम नीट चाललं. मला बरं वाटायला लागलं. खोटं बोललो तरी बिघडलं नाही, असं. ऊन चढलं, लांबून जीपची धूळ दिसली, शेठ येत होता. मी एका जाड खोडाला चकती लावली. अर्ध्यात गेल्यावर आवाज बदलला. आत काहीतरी किंचाळलं. ते मलाही ऐकू आलं.

शिट्टी वाजली.

मी रेस सोडली नाही.

हेच मला सांगायचं होतं. मला शिट्टी ऐकू आली होती. पण डोक्यात आलं, आता थांबलो तर आप्पा येणार, खोडात काय आहे बघणार, आणि विचारणार, डोकरी साफ म्हणाली ना? दोन श्वास, जास्त नाही. एवढं खोड पाडू, मग थांबू. पडलं की कोण बघतंय.

शिट्टी दुसऱ्यांदा वाजली. आणि मशीन का थांबत नाही, मला काही झालं का, हे बघायला आप्पा वळले. मी त्यांना कामाच्या वेळी वळलेलं पहिल्यांदाच बघत होतो. तोंड उघडं होतं, काहीतरी म्हणत होते. चकतीतून ठिणगी उडाली, आणि आप्पांचा हात चेहऱ्याकडे गेला.

मी इंजिन बंद केलं तेव्हा इतकी शांतता झाली की बाभळीवरचा पक्षी ऐकू आला. आप्पा ओरडले नाहीत. डब्यावर तसेच बसून म्हणाले, "कप."

रुमली धावली. तिचे हात एकदाही चुकले नाहीत. कप, दुसऱ्या डोळ्यावर कापडाची घडी, त्यांच्याच डोक्याचा रुमाल. बांधताना पुटपुटत होती, "हलू नको आप्पा, हलू नको." मी मुखवटा घालून तसाच उभा. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओरडली, "खांब झालास का रे? धर त्यांना!"

शेठच्याच जीपमधून आम्ही नंदुरबारला निघालो. साहेब मागे धुळीत राहिले. आप्पांनी माझं मनगट धरलं होतं, घट्ट, आणि मी वाट बघत होतो. आता विचारतील. आता विचारतील. पुढच्या सीटवरून शेठने विचारलं, "खोडात तार होती म्हणे. तुमच्या म्हाताऱ्यांना विचारलं नव्हतं का आज? कोण गेलं होतं?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मी," आप्पा कपाखालून म्हणाले. "मीच गऊथू. डोकरी इसरी गई."

नंदुरबारहून त्यांना सुरतेला नेलं. डॉक्टरांनी जेवढं करता येईल तेवढं केलं. अर्ध्या बोटाएवढा तारेचा तुकडा होता. डोळा राहिला नाही.

शेठने मला कामावर ठेवलं. आप्पा तसं बोलले म्हणूनच. पण मला रात्री झोप येईना. माझ्या खोट्यासाठी आप्पा खोटं बोलले होते, आणि त्यात त्या म्हातारीला विसरभोळी ठरवलं होतं. आठवड्याने मी डबी घेऊन तिच्या दारात गेलो. डबी पुढे धरली.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "उना का? तू ट्रॅक्टरपासून फिरना व्हता. मी दखं." मग चुलीकडे बोट करून म्हणाली, "तुन्हासाठे च्या ठेवेल व्हता."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तिने बसवलं, चहा दिला, मशेरी घेतली. कोणी जमलं नाही, कोणी हसलं नाही. हळूहळू सांगायला लागली. पूर्वी त्या पट्ट्यात केळी होत्या, ती आणि तिचा नवरा राखण करायचे. रानडुकरं यायची म्हणून दोघांनी कडेच्या कोवळ्या बाभळींनाच तार बांधली, खिळे मारून. नवरा गेला, बाग मोडली, झाडं वाढली आणि तार खोडांच्या पोटात गेली. मालक तेव्हा सुरतेला शिकत होता, त्याला कुठून ठाऊक? कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत, ते तिने काठी घेऊन मला चालून दाखवलं. मी चुन्याने गोल काढत तिच्या मागे. एकूण अकरा झाडं.

दीड महिन्याने आप्पा परत आले. काळा चष्मा दिलेला होता, तो घडी करून खिशात. तो पट्टा तसाच राहिला होता, शेठने दुसरीकडे काम लावलं होतं. आता तोच पुरा करायचा होता. बाकीची माणसं यायच्या आधी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, मालक, "हो", आणि ते दोन श्वास. सांगताना त्यांच्या बंद पापणीकडे बघायची हिंमत झाली नाही, शर्टाच्या गुंड्यांकडे बघत बोललो.

आप्पांनी गळ्यातली शिट्टी सरळ केली. मग म्हणाले, "तू त्या दिनले पाव घंटामा वापस उना. डोकरीनी गोठ पाव घंटामा सरत नई रे कोकन्या."

मी वर बघितलं.

"मी इंजिनना आवाज ऐकस, तसा तुन्हाबी ऐका. 'हो' म्हनताना तुन्हा आवाज फाटेल व्हता. माले समजनं. तरी मी शिट्टी नई वाजाडी." त्यांनी खिशातला चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. "शेठ येनार व्हता. तुन्ही जागा जाई, असं मना मनमा उनं. मीबी घाई करी. मंग एकटा तुले कसा धरू?"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. आप्पा म्हणाले, "मिरची का?" मी म्हटलं, नाही.

तेवढ्यात रुमली आणि बाकीचे आले. आप्पांनी डबा उचलला. माझ्याकडे बघून मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "इचारं का?"

मी सांगायला लागलो. अकरा झाडांचं सांगितलं, तारेचं, रानडुकरांचं. म्हातारीच्या नवऱ्याचं सांगितलं, तिच्या नातीचं लग्न शहाद्याला ठरतंय, बकरी परवा व्याली, चहात तिने गवती पात घातली होती, हेही सांगितलं. मध्येच अडखळलो, माझ्या कोकणी हेलाला मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं, तरी सांगत राहिलो. आप्पा मान तिरकी करून ऐकत होते. शब्दांकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं.

"आते आवाज बरोबर शे," ते म्हणाले.

मग पावलं मोजत निघाले. एका डोळ्याने अंदाज चुकत होता, दोनदा थांबले, रुमलीने हात पुढे केला तो झटकला. तीस झाल्यावर डबा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मी मुखवटा खाली ओढला. शिट्टीच्या पहिल्या फुंकीला रेस सोडायची, असं मनाशी म्हणालो. त्यांचा हात वर गेला, आणि मी दोरी ओढली.